माणूस नसलेल्या चित्राचे ऋण

एम. ए. भाग एकच्या वर्गात निसर्गकवितेचा घटक सुरू करताना आम्ही अनेक वर्षे एक छायाचित्र दाखवत आलो आहोत. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि हा घटक आलटून पालटून घेतो. ही सवय कोणी कोणाला लावली ते आता सांगता येणार नाही. छायाचित्र टास्मानिया बेटावरील फ्रँकलिन नदीचे आहे. नदी वळण घेते आहे, वळणावर पात्राच्या मधोमध झाडोऱ्याने माखलेला एक खडक बेटासारखा उभा आहे, मागे दाट अरण्याचे उतार धुक्यात विरत गेले आहेत आणि काळसर पाण्यावर फेसाच्या पांढऱ्या रेषा ओढल्या गेल्या आहेत. त्या जागेचे नाव रॉक आयलंड बेंड. छायाचित्रकार पीटर डोम्ब्रोव्स्किस. चित्र पडद्यावर आले की वर्ग शांत होतो, आणि त्या शांततेचा फायदा घेऊन आम्ही 'मानवी स्पर्शाविना असलेला निसर्ग' या विषयाकडे वळत असू.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने त्या शांततेत हात वर केला. "इथली माणसं कुठं गेली, मॅडम?" असे त्याने विचारले. तेव्हा वर्गावर असलेल्या आमच्यापैकी एकीने सहजपणे उत्तर दिले की तेथे कोणी राहतच नव्हते, ते निर्जन अरण्य आहे. तास संपल्यावर तो स्टाफरूमच्या दाराशी आला. त्याच्या आजोबांचे गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेले. कुटुंब विस्थापित होऊन कोकणात आले. "आमच्या गावाचा एकसुद्धा फोटो नाही," तो म्हणाला. "धरण बघायला येणाऱ्यांना वाटतं, पाणी तिथं पहिल्यापासूनच होतं."

त्याचे म्हणणे आमच्या उत्तरावरची टीका नव्हती, पण उत्तर चुकीचे होते. ते किती चुकीचे होते हे समजून घेण्यासाठी आम्हाला बरेच वाचावे लागले, आणि वाचता वाचता लक्षात आले की प्रश्न 'चूक की बरोबर' एवढ्यावर मिटणारा नाही. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आलेला आहे. छायाचित्रणाचे आम्ही अभ्यासक नाही. संहिता वाचणे एवढेच आमचे काम आहे. पण हे छायाचित्रही एक संहिताच आहे आणि ती आम्ही आळसाने वाचत होतो.

कथा डोम्ब्रोव्स्किसच्या आधी सुरू होते. ओलेगास त्रुखानास हा १९२३ साली लिथुआनियात जन्मलेला तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत जर्मनीत पोहोचला आणि १९४८ मध्ये निर्वासित म्हणून टास्मानियात आला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, बासच्या सामुद्रधुनीपलीकडचे हे बेट महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित मोठे आहे. निर्वासितांना तेव्हा दोन वर्षे सरकार सांगेल ते काम करावे लागे. त्रुखानास जस्ताच्या कारखान्यात मजुरी करू लागला. पुढे त्याला राज्याच्या जलविद्युत आयोगात कारकुनाची नोकरी मिळाली. सुट्टीचे दिवस मात्र त्याने बेटाच्या नैर्ऋत्येकडील रस्ते नसलेल्या डोंगराळ मुलुखाला देऊन टाकले. १९५८ साली त्याने स्वतः तयार केलेल्या कयाकमधून एकट्याने पेडर सरोवरापासून सर्पेंटाइन आणि गॉर्डन या नद्यांमार्गे समुद्रकिनारा गाठला. आधीचा एक प्रयत्न फसला होता. कॅमेरा सोबत होताच. तो चालवायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

पेडर सरोवर हे त्याच्या कॅमेऱ्याचे घर. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की या डोंगरी सरोवराच्या काठी फिकट गुलाबी गारगोटीच्या वाळूचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा किनारा उघडा पडे. इतका रुंद आणि घट्ट, की त्यावर लहान विमाने उतरत. १९५५ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बारा वर्षांनी, १९६७ मध्ये, तो दर्जा काढून घेतला गेला, कारण सरोवर जलविद्युत प्रकल्पात बुडवायचे ठरले होते. बुडवणारा आयोग तोच, ज्याच्या कचेरीत त्रुखानास दररोज सकाळी हजर होत असे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कारण त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, होबार्ट शहराभोवती भीषण वणवे पेटले, त्यांत ६२ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्रुखानासचे घर त्याच्या साऱ्या स्लाइड्ससह जळून गेले. वीस वर्षांच्या पायपिटीचे संचित एका दुपारी राख झाले. दुसरा कोणी असता तर त्याने कॅमेरा खाली ठेवला असता आणि त्याला कोणी दोष दिला नसता. त्रुखानासने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाठीवर सामान लादून त्याच डोंगरांवर, त्याच सरोवराकाठी. पण आता घड्याळ लावलेले होते. आधी त्याने जे टिपले ते आवडीपोटी. नंतर टिपले ते बुडणार म्हणून. दृश्य तेच, कॅमेरा कदाचित तसलाच, पण चित्रांचा आशय बदललेला. चित्राच्या आत काहीही न बदलता त्याचा अर्थ कसा पालटतो, हे शिकवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आयोगाचा नोकर असल्यामुळे त्याला प्रकल्पाविरुद्ध जाहीर बोलता येत नव्हते. त्याने एक मार्ग काढला. स्लाइड्स संगीताची जोड देऊन दाखवायच्या. १९७१ मध्ये होबार्टच्या टाउन हॉलमधील या खेळांना गर्दी लोटली. ज्या सरोवरापर्यंत बहुतेकांचे पाय कधीच पोहोचले नव्हते, ते सरोवर लोकांनी अंधारात बसून पाहिले. सरोवर वाचले नाही. १९७२ मध्ये पाणी चढू लागले आणि जुने सरोवर त्याच्यापेक्षा कैक पटींनी मोठ्या जलाशयाखाली गेले. या नव्या जलाशयालाही 'लेक पेडर' हेच नाव देण्यात आले. गोष्ट नाहीशी करून तिचे नाव तेवढे मागे ठेवायचे, ही युक्ती भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित वाटू नये.

त्रुखानासने हे पाणी चढलेले पाहिले नाही. ६ जानेवारी १९७२ रोजी तो गॉर्डन नदीवर गेला होता. तीही पुढे अडवली जाणार होती आणि जळून गेलेली तिची चित्रे त्याला पुन्हा घ्यायची होती. तो पाय घसरून प्रवाहात पडला आणि वाहून गेला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह शोधून काढणाऱ्यांत त्याचा तरुण मित्र आणि शिष्य होता. तो पीटर डोम्ब्रोव्स्किस.

'शिष्य' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत, कारण या दोघांचा उल्लेख सर्वत्र 'स्वशिक्षित' असा होतो. आमच्या विद्यापीठीय वर्तुळात या शब्दाला एक सूक्ष्म वास येतो. एखादा कवी 'स्वयंभू' म्हटला की कौतुक होते, पण एखादा समीक्षक 'स्वशिक्षित' निघाला की चर्चासत्रात त्याला चहापानानंतरचे सत्र मिळते. प्रत्यक्षात कोणीच शून्यातून शिकत नाही. डोम्ब्रोव्स्किस त्रुखानाससोबत चालत शिकला: कोणत्या ऋतूत कोणत्या खिंडीतून जायचे, पाऊस किती दिवस टिकेल, तंबू कोठे ठोकायचा, प्रकाशाची वाट पाहत किती वेळ गप्प बसायचे. कला महाविद्यालयात यातले काही शिकवत नाहीत. वारकऱ्याला वारी जशी चालूनच कळते, तसे हे ज्ञान पायांतून वर चढते. त्यामुळे 'स्वशिक्षित' म्हणजे गुरू नसलेला असे नव्हे. ज्याची शाळा इमारतीत भरत नव्हती असा, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. आणि बेट लहान असल्याने त्या शाळेत तेच तेच धडे पुन्हा पुन्हा गिरवावे लागतात. देशोदेशी फिरणाऱ्या छायाचित्रकाराला नवे दृश्य मिळते. बेटावर राहणाऱ्याला तोच डोंगर विसाव्यांदा पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या मते डोम्ब्रोव्स्किसच्या चित्रांतला संयम यातून आलेला आहे.

तोही निर्वासितच. १९४५ साली जर्मनीत लॅट्व्हियन आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. युद्धात वडील नाहीसे झाले आणि १९५० मध्ये आई त्याला घेऊन ऑस्ट्रेलियात आली. लहानपणी पहिला कॅमेरा दिला तो आईनेच. पुढे त्याने लिनहोफ हा मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा निवडला. या कॅमेऱ्याबद्दल थोडे सांगायला हवे. त्यात एका वेळी एकच, साधारण दहा बाय साडेबारा सेंटिमीटरचा फिल्मचा पत्रा बसतो. छायाचित्रकाराने डोक्यावर काळे कापड घेऊन मागच्या धुरकट काचेवर दृश्य पाहायचे असते, आणि ते तेथे उलटे दिसते: आकाश खाली, नदी वर, डावे ते उजवीकडे. नंतर काच झाकली जाते आणि प्रत्यक्ष चित्र उमटते तेव्हा छायाचित्रकाराला काचेवर काहीच दिसत नसते. हा अवजड ऐवज, ट्रायपॉड, तंबू आणि आठ-दहा दिवसांचे अन्न पाठीवर घेऊन तो चिखलातून चालत जात असे. भर उन्हातले दिमाखदार सूर्यास्त त्याला फारसे नको असत. ढगाळ, विसविशीत प्रकाशात झाडांच्या साली, दगडांवरचे शेवाळ, हिमाने काठ पांढरे झालेले पान, मॅक्वारी बेटाच्या किनाऱ्यावरील महाकाय सागरी शैवालाचे वेटोळे, हे त्याचे विषय. १९७७ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि दिनदर्शिका, दैनंदिन्या, शुभेच्छापत्रे यांतून ही चित्रे घरोघर गेली. 'कॅलेंडर आर्ट' म्हणून नाके मुरडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्याने जे केले त्याचा विचार करताना आपण इतके तुच्छतेने बोलत नाही.

आयोगाची पुढची योजना गॉर्डन नदीवर, फ्रँकलिनच्या संगमाखाली धरण बांधण्याची होती. डिसेंबर १९८१ मध्ये बेटावर सार्वमत घेतले गेले, पण त्यात दोन धरणांपैकी एक निवडायचे होते. 'धरण नको' असा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. सुमारे एक तृतीयांश मतदारांनी तो स्वतःच्या हाताने लिहून दिला. पुढच्या वर्षी सत्तेवर आलेले राज्याचे प्रमुख रॉबिन ग्रे यांनी फ्रँकलिनची संभावना तपकिरी, जळवांनी भरलेला नाला अशी केली. आम्हाला हे वाक्य डोम्ब्रोव्स्किसच्या चित्राइतकेच महत्त्वाचे वाटते. दोन्ही वर्णने आहेत. दोन्ही पूर्णतः खोटी नाहीत. त्या नदीचे पाणी खरोखरच चहासारखे तपकिरी आहे आणि जळवाही आहेत. झगडा नदीच्या वर्णनाचा होता. अलंकारशास्त्र शिकवताना वर्णन म्हणजे कथनाला घातलेला दागिना, असे आम्ही अजून सांगत असू तर ते थांबवले पाहिजे.

डिसेंबर १९८२ पासून आंदोलकांनी नदीचा मार्ग अडवला. बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. लॉन्सेस्टन शहरात डॉक्टरी करणारे बॉब ब्राउन या आंदोलनाचे नेते होते. ५ मार्च १९८३ च्या राष्ट्रीय निवडणुकीच्या तोंडावर वृत्तपत्रांत पूर्ण पानभर रंगीत जाहिरात झळकली. तिच्यात होते रॉक आयलंड बेंड, आणि मतदाराला विचारलेला प्रश्न: हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देऊ शकाल का? धरण थांबवण्याचे वचन देणारा मजूर पक्ष निवडून आला. राज्य सरकारने माघार घेतली नाही, तेव्हा प्रकरण सर्वोच्च पातळीवरील हायकोर्टात गेले आणि १ जुलै १९८३ रोजी चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने धरण थांबले.

एक तपशील बहुधा सांगायचा राहून जातो. त्या निवडणुकीत खुद्द टास्मानियातील पाचही जागा धरणाच्या बाजूच्या पक्षाने जिंकल्या. चित्राने मन वळवले ते नदीपासून दूर, मुख्य भूमीवरच्या शहरांत राहणाऱ्यांचे. बेटावर रोजगाराची विवंचना होती आणि धरण म्हणजे काम होते. सुंदर चित्रे दूरच्या माणसाला लवकर पटतात, जवळच्या माणसाला त्याच चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी ठाऊक असतात. नदी वाचली याचा आम्हाला आनंदच आहे. पण तो आनंद मुंबई-पुण्यात बसून सह्याद्रीतल्या गावांबद्दल निर्णय घेणाऱ्यांच्या आनंदासारखा तर नाही ना, ही शंका मनात येऊन गेली हे लपवण्यात अर्थ नाही.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. आंदोलनाने जो शब्द मिरवला तो 'विल्डरनेस'. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, आणि नाही ते बरेच आहे. 'अरण्य' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऋषी येतात, वनवासी राजपुत्र येतात, शबरी येते. 'रान' म्हटले की गुराखी आणि मोळीविकी येते. माणूस वगळून अरण्याची कल्पना करायला आपली भाषा मदत करत नाही, 'निर्जन' हे विशेषण वेगळे जोडावे लागते. विल्डरनेसमध्ये ते विशेषण आधीच गृहीत आहे. आणि टास्मानियात ते गृहीतक असत्य आहे.

बेटावर मूळनिवासींचे वास्तव्य सुमारे ४० हजार वर्षांचे. समुद्र चढून बासची सामुद्रधुनी भरण्याच्या कितीतरी आधी ही माणसे चालत तेथे गेली होती. फ्रँकलिनच्या काठावरच एक गुहा आहे. आंदोलकांनी तिला आधी पंतप्रधान फ्रेझर यांचे नाव दिले होते, निदान आपल्या नावाची गुहा तरी ते बुडवणार नाहीत या हिशेबाने. १९८१ मध्ये पुरातत्त्वज्ञांना तेथे दगडी हत्यारे, चुली आणि शिकारीची हाडे मोठ्या प्रमाणात सापडली. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, तेथे माणसांचा राबता होता. आज तिचे नाव कुटिकिना. विशेष म्हणजे तेव्हा त्या खोऱ्यात आज दिसते ते घनदाट अरण्य नव्हतेच. थंड, उघडी गवताळ जमीन होती. हवा उबदार झाल्यावर अरण्य पसरले. म्हणजे ज्या वृक्षराजीला आम्ही वर्गात 'आदिम' म्हणत होतो, तिच्या आधी तेथे माणूस होता. बेटाच्या त्या भागातली गवताची मोकळी मैदानेसुद्धा हजारो वर्षे माणसांनी ठरवून लावलेल्या वणव्यांनी राखलेली आहेत.

ही माणसे आपोआप दिसेनाशी झाली नाहीत. १८२० च्या दशकात वसाहतवाल्यांशी झालेल्या रक्तरंजित संघर्षात त्यांची संख्या मूठभरावर आली आणि उरलेल्यांना १८३३ पासून फ्लिंडर्स बेटावरील वायबालेना येथे नेऊन ठेवले गेले. बहुतेक तेथेच मेली. १८७६ मध्ये त्रुगानिनी ही स्त्री वारली तेव्हा 'शेवटची टास्मानियन' गेली असे जाहीर झाले. ते खोटे होते. बासच्या सामुद्रधुनीतील बेटांवर वंशज होते आणि आहेत. पण सोयीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होबार्टमधील छायाचित्रकार जॉन वॉट बीटी याच्या दुकानात डोंगर-सरोवरांची निसर्गदृश्ये मिळत आणि या 'शेवटच्या' माणसांच्या तसबिरींच्या प्रतीही मिळत. एका फळीवर माणसे नसलेली भूमी, दुसऱ्या फळीवर भूमी नसलेली माणसे. बेटावरील निसर्गछायाचित्रणाचा हा वारसा. त्रुखानास आणि डोम्ब्रोव्स्किस यांनी तो जाणूनबुजून पत्करला असे आम्ही म्हणत नाही. स्वतःचा देश गमावून आलेल्या या दोघांना जी भूमी रिकामी, निष्पाप आणि सर्वांना सामावून घेणारी दिसली, ती तशी दिसण्याआधी कोणाकोणाला तेथून काढण्यात आले होते हे त्यांना कोणी सांगितले नसावे. निर्वासिताला निर्वासित दिसू नये, हा या कथेतला आम्हाला सर्वांत सलणारा भाग आहे.

एवढे वाचल्यावर आम्ही ते छायाचित्र वर्गातून काढून टाकण्याच्या बेतात होतो. अलीकडची समीक्षा वाचणारे काही सहकारीही तेच म्हणाले: वसाहतवादी दृष्टी, रिक्त भूमीची मिथ्यकथा, पुढे चला. पण हे पटले नाही. कारण धरण झाले असते तर कुटिकिना गुहाही पाण्याखाली गेली असती. न्यायालयात त्या पुराव्यांचा उपयोग झाला हे खरे. पण खटला तेथवर पोहोचला तो निवडणुकीमुळे, आणि निवडणुकीच्या हवेत ते चित्र होते. ज्या चित्राने माणसांना चौकटीबाहेर ठेवले, त्याच चित्राने त्या माणसांच्या पूर्वजांच्या चुली वाचवल्या. यातले एक विधान घेऊन दुसरे सोडून देणे आम्हाला जमत नाही, आणि दोन्हींचा मेळ घालणारे तिसरे विधान आम्हाला सापडलेले नाही. समीक्षेने प्रत्येक वेळी निकाल द्यावाच असा नियम कोणी केला?

मेळ नाही, पण जोडीला ठेवता येईल असे दुसरे काम मात्र आहे. रिकी मेनार्ड हा १९५३ साली लॉन्सेस्टनमध्ये जन्मलेला छायाचित्रकार त्या बेटांवरच्या मूळनिवासी समाजातला. सोळाव्या वर्षी डार्करूममध्ये काम करत तो घडला. रीतसर शिक्षण बऱ्याच उशिरा आणि थोडे. १९८० च्या दशकात त्याने 'मूनबर्ड पीपल' ही मालिका केली. सामुद्रधुनीतील लहान बेटांवर दर हंगामात समुद्रपक्ष्यांची पिल्ले पकडायला जाणारी त्याच्या समाजातली कुटुंबे तीत आहेत. फ्रँकलिनच्या आंदोलनानंतर दोन-तीन वर्षांतले हे काम, पण ज्यांना 'शेवटचे' म्हणून संपवले गेले होते ते येथे चहा पीत, पिसे उपटत, मुलांना ओरडत असावेत इतके जिवंत आहेत. पुढे 'पोर्ट्रेट ऑफ अ डिस्टंट लँड' मध्ये तो निसर्गदृश्यांकडे वळला. कृष्णधवल चित्रे, वायबालेनाची माळजमीन, सामुद्रधुनीतली बेटे. पहिल्या नजरेत ती डोम्ब्रोव्स्किसच्या चित्रांइतकीच निर्मनुष्य वाटतील. पण प्रत्येक जागा एखाद्या घटनेची आहे, आणि शीर्षक वाचल्यावर ती रिकामी राहत नाही. एका चित्रात पाण्यात पाठमोरा उभा असलेला माणूस आहे; चित्राचे नाव 'ब्रोकन हार्ट'. येथे भूदृश्यालाच व्यक्तिचित्र म्हटलेले आहे, आणि आम्हाला ते शब्दशः घ्यावेसे वाटते.

डोम्ब्रोव्स्किस मार्च १९९६ मध्ये वेस्टर्न आर्थर डोंगररांगेत एकटाच चित्रे घेत असताना हृदयविकाराने गेला. जेथे शिकला तेथेच. त्याच्या हजारो पारदर्शिका आता कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पेडर सरोवर अजून पाण्याखाली आहे. पाणबुड्यांनी केलेल्या पाहणीत जुना वाळूचा किनारा गाळाच्या पातळ थराखाली बराचसा जसाच्या तसा आढळला. १९९५ मध्ये संसदीय समितीने सरोवर पूर्ववत करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे मान्य केले, पण खर्चाच्या हिशेबात ते बसवले नाही. ते मोकळे करावे ही मागणी करणारे लोक अजून आहेत, आणि ते आजही त्रुखानासच्या स्लाइड्स दाखवतात.

आमचा तो विद्यार्थी पुढे एम. ए. झाला. निसर्गकवितेवरच्या प्रकल्पासाठी त्याने आम्हाला न विचारता विषय बदलला आणि आजीकडून ऐकून बुडालेल्या गावाचा एक नकाशा वहीच्या दोन पानांवर काढून आणला: ग्रामदैवताचे देऊळ, पाणोठा, चावडी, कोणाचे घर कोणाच्या शेजारी, आंब्याची तीन झाडे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले तर देवळाचा चौथरा दिसतो, असे त्याने एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते. प्रकल्पाच्या चौकटीत नकाशा बसत नाही, अशी हरकत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घेतली. आम्ही त्यावर वाद घातला आणि काही गुण मिळवून दिले, काही गेले.

यंदा जुलैमध्ये हा घटक सुरू केला तेव्हा आम्ही मेनार्डचे चित्र आधी लावले आणि त्याचे शीर्षक झाकून ठेवले. वर्गाने समुद्र, एकटेपणा, क्षितिज असे नेहमीचे शब्द काढले. मग शीर्षक दाखवले, वायबालेनाची हकिकत सांगितली, आणि प्रश्न येऊ लागले. एका मुलीने तो पाण्यात उभा असलेला माणूस येतो आहे की जातो आहे असे विचारले. त्यावर पाऊण तास गेला. रॉक आयलंड बेंड लॅपटॉपवर तयार होते, ते दाखवायचे राहिले. ते पुढच्या तासाला.